घड्याळ बाजूला ठेवा, सावलीच्या दोन्ही बाजू मोजा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय ना ते कळेल. नाशिकला गच्चीवर तुम्ही मीटरभर उंचीची काठी उभी केलीत आणि १८ ते २६ डिसेंबर रोज दुपारी बाराच्या ठोक्याला सावली मोजलीत. बाराची सावली म्हणजे उत्तर, असं धरलं तर ती रेघ मोबाइलच्या होकायंत्रापेक्षा दहा-अकरा अंश पश्चिमेला गेली. २२ तारखेनंतर सावली आखडायला हवी होती, ती २६ पर्यंत मिलिमीटर-मिलिमीटरने लांबतच राहिली. शेवटी वैतागून तुम्ही विचारलंत, की ज्यांच्याकडे घड्याळ नव्हतं त्यांना उत्तरायण कसं कळायचं, आणि कळत होतं तर संक्रांत १४ जानेवारीला का?

तुमची पट्टी बरोबर आहे आणि काठीही. घोटाळा घड्याळाचा आहे. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं, नाशिक ७३.८ वर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे तुमच्याकडे सूर्य सरासरी १२ वाजून ३५ मिनिटांनी माथ्यावरच्या रेषेत येतो. सरासरी म्हणायचं कारण, पृथ्वीचा अक्ष कललेला आणि कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे ही वेळ वर्षभर सरकते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती १२:१८ च्या आसपास असते, फेब्रुवारीच्या मध्यावर १२:४९. बावीस डिसेंबरला ती साधारण १२:३३ होती. तुम्ही ३३ मिनिटं आधीची सावली धरलीत आणि तेवढ्या वेळात दिशा ११ अंशांनी चुकते. हिशोब चोख जुळतो. दुसरं कोडंही त्यातच सुटतं. डिसेंबरच्या शेवटी खरी मध्यान्ह रोज अर्ध्या मिनिटाने पुढे जाते. तुम्ही बारालाच अडून राहिलात, म्हणून रोज मध्यान्हीपासून थोडी अधिक लांबची सावली मोजत गेलात. आठ दिवसांत त्याने सुमारे ६ मिलिमीटर वाढले. अयनामुळे, म्हणजे सूर्य उत्तरेकडे वळल्यामुळे, झालेला बदल २ मिलिमीटरांच्या आतला, तो त्याखाली दबून गेला.

मी २६ वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि दर हिवाळ्यात सहावी-सातवीच्या पोरांना घेऊन शंकू, म्हणजे सावली मोजायची उभी काठी, लावला. पहिली काही वर्षं मीही तुमच्यासारखाच ‘सर्वांत आखूड सावली’ शोधत बसायचो. ती सापडत नाही. मध्यान्हीच्या आधी दहा मिनिटं आणि नंतर दहा मिनिटं एवढ्या वेळात मीटरभर काठीची सावली फार तर २ मिलिमीटर हलते. सूर्य ठिपका नाही, अर्ध्या अंशाची थाळी आहे, त्यामुळे सावलीची कडा हिवाळ्यात दीड-पावणेदोन सेंटिमीटर धूसर असते. पावणेदोन सेंटिमीटरच्या धुक्यात २ मिलिमीटर कसे शोधणार? वर्षाचंही तेच. अयनबिंदूच्या आधीचा आठवडा घ्या किंवा नंतरचा, सूर्य उगवायची जागा बिंबाच्या एक-तृतीयांशाएवढीच सरकते. आयर्लंडमधल्या न्यूग्रेंजच्या ५,२०० वर्षांपूर्वीच्या थडग्यात हिवाळ्यातल्या अयनाची सकाळची उन्हं आत शिरतात म्हणून लोक लांबून जातात, पण ती उन्हं १९ ते २३ डिसेंबर अशा सगळ्याच सकाळी शिरतात. नेमका दिवस ते दगडही सांगत नाहीत.

म्हणून जुन्या लोकांनी टोकाचा क्षण किंवा टोकाचा दिवस पकडायचा नाद सोडला होता. टोकाच्या अलीकडे आणि पलीकडे सावली भरभर हलते, तिथे एकसारख्या दोन खुणा करायच्या आणि मधोमध दुभागायचं. दिवसाला लावा, दिशा मिळते. वर्षाला लावा, अयन मिळतं.

दिवसाचं आधी. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात यज्ञवेदीसाठी पूर्व काढायची रीत दिली आहे. सपाट जमिनीवर शंकू ठोका, शंकूच्या उंचीएवढ्या दोरीने त्याभोवती वर्तुळ काढा, सकाळी सावलीचं टोक वर्तुळात शिरतं तिथे एक खुंटी आणि दुपारी बाहेर पडतं तिथे दुसरी. दोन खुंट्या जोडल्या की पूर्व-पश्चिम रेघ. वेळ बघायची गरजच नाही, कारण दोन्ही क्षणी सूर्याची उंची तीच असते आणि मध्यान्ह आपोआप मधोमध येते. सकाळी सावली मिनिटाला काही मिलिमीटर पळते, त्यामुळे वर्तुळ ओलांडल्याचा क्षण पकडता येतो. सकाळपासून दुपारपर्यंत सूर्य किंचित उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकलेला असतो, त्याने मार्च-सप्टेंबरात फरक पडतो, पण तो एका अंशाच्या दहाव्या भागाहूनही कमी. नंतरच्या सिद्धांतकारांनी त्याचीही दुरुस्ती दिली आहे. आपण ती सोडून देऊ.

इथे स्थळ आणि ऋतू बघावा लागतो. दोरी शंकूएवढी घेतली तर सूर्य ४५ अंशांवर चढल्यावरच सावली वर्तुळात शिरते. नाशिकला २२ डिसेंबरला सूर्य जेमतेम साडेशेहेचाळीस अंशांपर्यंत चढतो, म्हणजे सावली आत असते फक्त दीड तास. कुरुक्षेत्राच्या अक्षांशावर तर नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ती वर्तुळाला शिवतच नाही. म्हणून हिवाळ्यात मोठं वर्तुळ काढा, खरं तर तीन-चार काढा. ढग आला की एखादी जोडी फुकट जाते.

गच्चीवरच्या फरशीवर हे करू नका. माझी पहिली मोठी फजिती तिथेच झाली. शाळेच्या गच्चीवर खडूने झकास वर्तुळं काढली, पोरांनी खुणा केल्या, आणि प्रत्येक वर्तुळाची पूर्व वेगळी आली. वरच्या मजल्याचं काम करणारा गवंडी बराच वेळ बघत होता. तो म्हणाला, “मास्तर, स्लॅबला पाण्याचा उतार असतो की.” त्याने खिशातून ओळंबा काढून काठीच्या टोकावरून सोडला, तर काठीही बोटभर कलली होती. त्या दिवशी एक गोष्ट शिकलो, ती कुठल्याच पाठ्यपुस्तकात मला दिसली नव्हती. काठी सरळ असायलाच हवी असं नाही. आपण सावली टोकाची बघतो, म्हणून टोकावरून ओळंबा जिथे टेकतो तो बिंदू वर्तुळाचा मध्य धरायचा. मग काठी वाकडी असली तरी चालते. जमीन मात्र सपाटच हवी.

तेव्हापासून मी जुना कॅरमबोर्ड वापरतो. पायांखाली पुठ्ठ्याचे तुकडे सारून तो समपातळीत आणायचा, गोटी मध्यावर ठेवली की कुठेच घरंगळता कामा नये. मध्यावर २० सेंटिमीटरची काडी, आणि तिच्या टोकावर आईच्या जुन्या माळेतला सेंटिमीटरभर जाडीचा मणी. हा मणी फार कामाचा. काडीच्या टोकाची सावली कुठे संपते यावर पोरांत भांडणं व्हायची. मण्याची सावली गोल पडते आणि गोलाचा मध्य डोळा सहज धरतो. वर्तुळं २०, २५, ३० आणि ३५ सेंटिमीटर त्रिज्येची. एवढ्याशा साधनावर उत्तर दिशा एका अंशाच्या आत येते. काठी मोठी केली तर अचूकता वाढेल असं वाटतं, पण सावलीबरोबर धूसर कडाही त्याच पटीत वाढते. चीनमध्ये गुओ शौजिंग याने तेराव्या शतकात डेंगफेंगला ४० ‘ची’ (लांबीचं चिनी माप) उंचीचा शंकू बांधला. नुसत्या उंचीवर त्याचं काम भागलं नसतं, म्हणून त्याने सावली पडते तिथे बारीक भोकाची पट्टी सरकवून सूर्याची प्रतिमा पाडली आणि शंकूच्या माथ्यावरच्या आडव्या दांडीची रेघ त्या प्रतिमेच्या मधोमध आणून मोजली. माझा मणी त्याच जातीचा, गरिबाघरचा.

आता वर्षाचं. उज्जैनकडचा वराहमिहिर सहाव्या शतकात बृहत्संहितेत लिहितो, की जुन्या शास्त्रांत उत्तरायण धनिष्ठेच्या आरंभी सांगितलं आहे, ते कधीकाळी तसं असेलही, पण हल्ली ते मकरेच्या आरंभी होतं. सांगितलेलं आणि दिसलेलं जुळत नसेल तर काय करायचं? प्रत्यक्ष परीक्षण. ते कसं, हेही लगेच पुढच्या श्लोकात आहे. उगवत्या किंवा मावळत्या सूर्याचा ‘दूरस्थचिह्नवेध’ घ्या, म्हणजे लांबच्या खुणेशी तो जुळवून बघा, नाहीतर मोठ्या मंडलात, म्हणजे वर्तुळात, सावलीच्या शिरण्या-निघण्याच्या खुणा करा. क्षितिज आणि सावली, दोन्ही उपाय एकाच श्लोकात. तुमच्या संक्रांतीचं उत्तरही इथेच दडलं आहे. वराहमिहिराच्या काळात सूर्याचं वळणं आणि मकरप्रवेश या दोन गोष्टी जवळजवळ एकाच सुमारास होत. आपलं पंचांग मकरप्रवेश ताऱ्यांच्या हिशोबाने धरतं, आणि ऋतूंचं वर्ष ताऱ्यांच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी लहान. सुमारे ७० वर्षांत एक दिवस, असं करत संक्रांत आज १४-१५ जानेवारीवर पोचली आहे. सूर्य डिसेंबरातच वळतो. तिळगूळ खायला त्याची हरकत नाही.

‘दूरस्थ’ हा शब्द त्याने उगाच घातलेला नाही. खूण १०० मीटरवरची असेल, समजा समोरच्या इमारतीचा कोपरा, आणि तुम्ही मीटरभर बाजूला सरकलात, तर खूण सूर्याच्या एका पूर्ण बिंबाएवढी हलते. तीच खूण पाच किलोमीटरवरच्या डोंगरातली खिंड असेल तर मीटरभराने काही बिघडत नाही. पेरूमधल्या कास्मा खोऱ्यात चंकिलोला एका टेकडीच्या कण्यावर दगडी मनोऱ्यांची रांग आहे, तेरा मनोरे, सुमारे २,३०० वर्षांपूर्वीचे. पश्चिमेच्या ठरावीक जागेवरून बघितलं तर वर्षभरातले सगळे सूर्योदय त्या रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरतात. मधल्या मनोऱ्यांपाशी सूर्य एक फट ओलांडून दुसरीत जायला दहाएक दिवस घेतो, टोकाला मात्र रेंगाळतो. ज्यांच्याकडे सोयीचे डोंगर नव्हते त्यांनी खुणा बांधून काढल्या, एवढंच.

महाराष्ट्रात याचं सर्वांत देखणं उदाहरण कोल्हापूरला आहे, आणि बहुतेकांनी ते पाहिलेलं असूनही त्यातलं गणित पाहिलेलं नसतं. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येत देवीच्या पायांपासून मुखापर्यंत चढतात. परंपरेने दिवस ठरलेले, ९, १० आणि ११ नोव्हेंबर, आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. आता मधले दिवस घ्या. १० नोव्हेंबरपासून १ फेब्रुवारीपर्यंत ८३ दिवस होतात. निम्मे साडेएक्केचाळीस. १० नोव्हेंबरात ते मिळवा, कुठे आलात? २१ आणि २२ डिसेंबरच्या मध्ये. त्या दारात उभं राहून कुणी दोन्ही वेळा दिवस मोजले तर उत्तरायण त्याच्या हातात आहे, आणि तेही खुद्द उत्तरायणाच्या दिवशी आकाशाकडे न बघता. त्या सुमारास मावळतीची जागा रोज अर्ध्या बिंबाहून थोडी अधिक सरकते, म्हणून उत्सव दोन-तीन दिवसांत आटोपतो. हेच दार अयनाच्या दिशेला असतं तर किरणं दोन आठवडे येत राहिली असती आणि उत्सवाला उत्सवपण राहिलं नसतं.

एक सावधगिरी मात्र बाळगा. लांबट गाभारा आणि पूर्वेला किंवा पश्चिमेला तोंड असलेलं कुठलंही देऊळ घ्या, वर्षातून दोनदा उन्हं आत येणारच, कारण आपल्याकडे उगवती-मावळती पूर्व-पश्चिमेपासून दोन्ही बाजूंना सुमारे २५ अंश हेलकावते. त्या टप्प्यात दार असलं की झालं. म्हणून दर जुन्या दगडामागे वेधशाळा शोधणाऱ्यांशी माझं फारसं जमत नाही.

माझी स्वतःची खूण पश्चिमेच्या डोंगररांगेतली एक खिंड होती. सूर्य तिच्यात बरोबर बसायचा तो ३० नोव्हेंबरला आणि मग १२ जानेवारीला. मधले दिवस ४३, अर्धे केले की पुन्हा २१-२२ डिसेंबर. डोंगराची उंची किती, हवेने किरण किती वाकवले, मी समुद्रसपाटीपासून किती वर, यातलं काहीही विचारात घ्यावं लागत नाही. दोन्ही वेळा चूक तीच आणि तेवढीच होते, दुभागताना ती गळून पडते. एखाद्या संध्याकाळी धुरकटामुळे एक दिवस इकडेतिकडे झाला तर उत्तर अर्ध्या दिवसानेच चुकतं. पाचव्या शतकात चीनच्या झू चोंगझीने हीच युक्ती सावलीवर चालवली. अयनाच्या सुमारे तीन आठवडे आधीची मध्यान्हीची सावली मोजली, तीन आठवड्यांनंतर दोन लागोपाठच्या दिवसांच्या मोजल्या, आणि पहिल्या लांबीएवढी सावली त्या दोन दिवसांच्या मध्ये नेमकी कधी आली असेल ते काढून मध्य घेतला. त्याला अयनाचा दिवसच नव्हे, प्रहरही काढायचा होता.

माझ्या खिंडीसमोर सहा वर्षांपूर्वी बारा मजली इमारत उभी राहिली. आता मी पाण्याच्या टाकीवर भागवतो.

उन्हाळ्यातल्या अयनाबद्दल एक वाक्य पुरे: जूनमध्ये आपल्याकडे ढग असतात, तेव्हा महाराष्ट्रात हा खेळ ऑक्टोबर ते मे एवढाच. त्यातही मे चुकवू नका. नाशिकला २०-२१ मेच्या आसपास सूर्य थेट डोक्यावर येतो आणि मध्यान्हीला मण्याची सावली काडीच्या बुडाशी गोळा होते. जुलैमधला दुसरा शून्य सावलीचा दिवस बहुधा पावसात जातो.

मार्चमध्ये करायची एक गोष्ट मला या सगळ्यांत जास्त आवडते. २०-२१ मार्चला कॅरमबोर्डवर दर पंधरा मिनिटांनी मण्याच्या सावलीवर ठिपका द्या. इतर दिवशी हे ठिपके वाकडी रेघ काढतात, त्या दिवशी सरळ, पूर्व-पश्चिम. त्या रेघेपासून काडीच्या बुडाचं अंतर म्हणजे विषुवदिनाची मध्यान्हीची सावली. काडीच्या उंचीचे १२ भाग करून ती मोजली की तिला म्हणतात पलभा. पंचांगवाल्यांकडे गावोगावची पलभा असते. पुण्याची जवळजवळ नेमकी ४ अंगुळं, नाशिकची ४.४ च्या आत. या एका आकड्यावर दिवसाची लांबी निघते. पलभेला १०, ८ आणि ३ पूर्णांक १ तृतीयांशाने गुणायचं, ती चरखंडं. मुरूडजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ या ज्योतिषग्रंथापासून आपल्याकडचे पंचांगकर्ते हा हिशोब तोंडपाठ करत आले. पुण्याला ४० अधिक ३२ अधिक १३, मिळून ८५ पळं. पळ म्हणजे २४ सेकंद, तेव्हा ३४ मिनिटं. वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी सूर्य सहाच्या ३४ मिनिटं आधी उगवतो आणि तेवढाच उशिरा मावळतो, स्थानिक वेळेने. आजच्या त्रिकोणमितीने काढा, ३३ मिनिटं आणि काही सेकंद येतात. काडी, मणी आणि तीन गुणाकार!

तुमच्या हातातल्या नोंदींचं काय करायचं? सावलीच्या लांब्या टाकून द्या, बाराच्या ठोक्याने त्या नासल्या आहेत. नोव्हेंबरच्या शेवटी गच्चीवरून मावळतीचा एखादा फोटो काढलेला असेल तर शोधा. त्याच जागेवरून जानेवारीत सूर्य त्याच खुणेवर कधी येतो ते बघितलंत की याच वर्षीची जोडी पुरी होईल. नसेल तर दिशा उद्याच काढता येईल, त्याला फक्त निरभ्र दिवस हवा. अयनासाठी मात्र पुढच्या नोव्हेंबरपर्यंत थांबावं लागेल. तेव्हा उभं राहायच्या जागेवर दोन पावलं ऑइलपेंटने रंगवून ठेवा. खडूने काढू नका, माझी दोनदा झाडूने पुसली गेली आणि दोन्ही वेळा जानेवारीत मी नेमका कुठे उभा होतो यावर घरात वाद झाला.